कनीजबाईचा गुडघा

"कनीजबाई, तुमच्या गुडघ्यावर इस्तू पडला."

मंगलीने हे अगदी सहज सांगितलं, केसात काडी अडकली आहे असं सांगावं तसं. तिचा डावा हात कनीजबाईच्या हातांत होता. अंगठा तळव्यात मुडपलेला, काचेची बांगडी हाडापाशी अडलेली. कोपर कनीजबाईच्या उभ्या गुडघ्यावर टेकलेलं. आणि त्या कोपराच्या जरा खाली, गुडघ्याच्या आतल्या अंगाला, साडीवर चण्याएवढा लाल निखारा बसला होता. शेजारच्या शेगडीतून उडून आलेला.

"हो ना, पडला असन," कनीजबाई म्हणाली. तिला वाटलं, दुखण्यातून मन काढायला पोरगी काहीतरी बोलते आहे. "तू हात सैल सोड. हात आखडला का बांगडी रुसते."

निखाऱ्याभोवती साडीला काळी कड आली. कड रुंद झाली. बारीक धूर निघाला. बांगडी हाड ओलांडून मनगटात उतरली तेव्हा कनीजबाईचा चेहरा खुशीत होता.

"पाह्य, दुखलं का? नाई ना?"

पाणी शकुबाईने फेकलं. शकुबाई म्हणजे नवरीची थोरली आत्या, त्या लग्नघराची मुखत्यार. तांब्या रिकामा झाला तरी तिने तो तसाच हातात धरून ठेवला.

"जळून राह्यली ना वं तू," ती म्हणाली.

कनीजबाईने खाली पाहिलं. साडीला भोक पडलं होतं. भोकातून कातडी दिसत होती, लालभडक, मधोमध फोड धरू लागलेली. मग तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आई गं."

उशीर झाला होता. अंगणातल्या एकाही बाईला ते "आई गं" पटलं नाही.


गुडघा, बाहेरून

कनीजबाई सिंदेवाहीची. मनियाराची लेक, मनियाराची सून. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती आसपासच्या गावांत फिरायची. एसटी जिथवर जाते तिथवर एसटीने, पुढे सागाच्या रानातून पायी. रानात अस्वलाची चाहूल लागली तर माणसाने मोठ्याने गाणं म्हणावं असं म्हणतात. कनीजबाईला गाणं येत नव्हतं, म्हणून ती मोठमोठ्याने गिऱ्हाइकांची नावं घ्यायची.

लग्नघराच्या या गावात, खैरटोल्यात, ती "जयभीम, बाई" म्हणत अंगणात शिरली की बायका हात धुऊनच बाहेर यायच्या.

बांगड्या भरायला बसायची तिची एकच तऱ्हा होती, सासूने घालून दिलेली. डावा पाय मुडपून खाली, उजवा गुडघा उभा, समोरच्या बाईचं कोपर त्या गुडघ्यावर. टेकलेला हात घाबरत नाही, असं सासू म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून कनीजबाईच्या त्या गुडघ्यावर कोपरं येत गेली होती. हाडकुळी, गुबगुबीत, चिखल सुकलेली, हळद लागलेली. काही बायका कोपरावर सगळं अंग टाकायच्या आणि सासरचं गाऱ्हाणं सांगत बसायच्या. बांगड्या भरून झाल्या तरी कोपर उचलायच्या नाहीत. गाऱ्हाणं संपल्याशिवाय कोपर हलवायचं नाही, हा नियम कनीजबाईचा स्वतःचा. सासूचा नव्हे.


गुडघा, आतून

मिरच्या कांडून झाल्यावर हात कितीही धुतले तरी बोटं जळत राहतात, तसं. पण वरून नाही, आतून. वरून काहीच नाही.

मागच्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सुरू झालं होतं. गुडघ्याच्या वाटीखाली, आतल्या अंगाला, पळसाच्या पानाएवढी जागा. आत आग, आणि वरची कातडी शेजारणीकडून उसनी आणून घातल्यासारखी. डास बसला तर दिसायचा, पण कळायचा नाही.

तिचा नवरा गफ्फार बसस्टँडजवळ स्टोव्ह दुरुस्त करायचा. घरात त्यांची बोली हिंदी.

"तेरा घुटना है का स्टोव्ह?" तो म्हणायचा. "ला, पिन मार देता."

"मार दे. तेरे हाथ से आजतक कोई स्टोव्ह सुधरा है का?"

निर्गुडीचा पाला बांधून झाला. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळून झालं. एका डॉक्टरने ताकदीची सुई दिली, ती कमरेत, त्यामुळे कंबरही दुखायला लागली. एका वैद्याने वात सांगितला, दुसऱ्याने पित्त, आणि तिसऱ्याने दोघांचं भांडण. त्या सगळ्यांना तिने आग होते एवढंच सांगितलं. बधिर आहे हे कोणालाच नाही. गफ्फारलाही नाही.

कारण बधिर कातडीचा अर्थ त्या भागात लेकरांनाही ठाऊक होता. कुष्ठरोगाच्या सर्वेचे लोक जीप घेऊन गावोगाव यायचे, सगळ्यांना शाळेत बसवायचे, डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकाने अंगाला हलकेच टोचायचे. कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवायचं. जिथे दाखवता आलं नाही, तिथे मोठी बिमारी.

बसस्टँडवरच्या मुखरूच्या पाठीवर असाच चट्टा निघाला होता. त्याने गोळ्या खाल्ल्या, चट्टा गेला, डॉक्टरने बरा झाला म्हणून सांगितलं. पण त्याच्या टपरीवर चहा प्यायला पुन्हा कोणी आलं नाही. चहाची ही गत. बांगडीवालीच्या हातात तर गिऱ्हाइकाचा अख्खा हात असतो.


मध्ये एक भांडण

निखारा पडायच्या आधी अंगणात वेगळीच लढाई चालली होती, ती इथे सांगितलेली बरी.

नवरी सत्यशीला सकाळपासून रिकाम्या हातांनी फिरत होती. जुन्या बांगड्या उतरवल्या होत्या, नव्या कोणत्या भरायच्या ते ठरत नव्हतं. शकुबाईला हिरवा चुडा हवा होता, कारण तिच्या लग्नात हिरवा होता. सत्यशीलाला निळा हवा होता, कारण निळा आपला. तिचे वडील मनाने निळ्याच्या बाजूचे होते, पण मोठ्या बहिणीसमोर कोणत्याच बाजूचे नव्हते. ते मांडवाच्या कामाला निघून गेले. एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. काचेच्या बांगड्यांच्या दोन्ही कडांना लाखेची एकेक हवी. त्या लाखेच्या बांगड्या ऊब देऊन जरा मऊ करायच्या म्हणून शेगडी पेटवली होती. आणि नवरीचं ठरेपर्यंत कनीजबाईने शेजारच्या मंगलीचा हात घेतला होता.


अंगणातले आवाज

शकुबाई — बुधरी, शेगडीत टेंभराचं लाकूड कोणं टाकलं?

बुधरी, शेजारीण — मी टाकलं. तुमीच म्हटलं, हाताले लागन ते टाक.

शकुबाई — टेंभर तडतडते, माहीत नाई का तुले?

बुधरी — माहीत हाय. ते तडतडलं, त्याचा काई सवाल नाई. हिले चटका काऊन नाई बसला, ते सांगा.

(सगळ्या कनीजबाईच्या गुडघ्याकडे पाहतात.)

रुखमा, नवरीची आई — राहू द्या ना आता. लग्नाचं घर हाय.

शकुबाई — लग्नाचं घर हाय म्हणूनच इचारून राह्यली. कनीजबाई, खरं सांग. लागलं का नाई?

कनीजबाई — लागलं ना.

शकुबाई — कधी?

कनीजबाई — मंग लागलं. जरा उशिरा.

मंगली — एसटीनं आलं काय?

(हसतात. शकुबाई हसत नाही.)

शकुबाई — शाळेत ते जीपवाले करत होते तसं करू. डोळे बांधू, हात लावू. समदं समजते.

रुखमा — बाई, पाव्हणी हाय ते.

शकुबाई — पाव्हणी हाय, अन् माह्या भाचीचा हात तिच्या हाती द्याचा हाय.

कनीजबाई — बांधा. मीच म्हणते, बांधा.


ओढणीच्या आत

अंधार. नव्या कापडाचा वास. ओढणी नवरीची आहे.

पाय पुढे पसरलेले, साडी गुडघ्यावर घेतलेली. पुरुषांना अंगणाबाहेर पिटाळलं आहे. पेनाने शाई लागेल, असं रुखमाचं म्हणणं पडलं, म्हणून मोरपीस आणायला कोणीतरी घरात गेलं आहे.

आता समजणार. आज संध्याकाळपर्यंत खैरटोल्याला, उद्या बाजारात, परवा सगळ्या गावांना. डोक्यावर पेटी घेऊन कुठे जायचं मग?

पावलं थांबली.

छन छन, आणि मध्येच एक थड. थड म्हणजे चीर गेलेली बांगडी. उजव्या हातातली, मागच्या दिवाळीची, जपून वापर म्हणून सांगितलं होतं. मंगली.

"लागलं," कनीजबाईच्या तोंडून जातं. बोट कुठे ठेवायचं? आवाज जिथून आला तिथे.

"बरोबर," मंगलीचा आवाज.

आता जाड, बसका आवाज. काचेखाली लाखेची जोड. गुडघ्याच्या जरा खालून. बुधरी.

"लागलं. इथी."

मग दाट, भरगच्च, हातभर. लग्नघराची यजमानीण, कालच भरलेला चुडा.

"लागलं. रुखमाबाई, तुमचा हात कापून राह्यला. पोरीचं लगन हाय, माहं नाई."

"अवो, हे तं हात बी वळखते," मंगली म्हणते. "कातडीनं माणूस वळखून राह्यली."

काचेवर चांदीचं कडं आपटल्याचा आवाज. हे कडं गावात एकाच हातात आहे. कडं आधी येतं, मालकीण मागून.

"लागलं, शकुबाई. अन् जरा हळू. मोर जित्ता हाय का त्याच्यात?"

हशा. त्यात शकुबाईचाही, नाइलाजाने.

फसवायचं असं तिने ठरवलं नव्हतं. मंगलीचा हात वाजला आणि शब्द निघून गेला, एवढंच. नंतर थांबता आलं नाही. खरं सांगायचं तर नंतर मजाच वाटायला लागली.

"मंग इस्तू काऊन नाई लागला?" बुधरी सोडत नाही.

"घट्टा पडला ना. बैलाच्या खांद्याले पडते तसा. तुमची कोपरं झेलू झेलू."

बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो हे सगळ्यांना मान्य आहे. बायका उठतात. कोणीतरी चहाचं पातेलं चढवतं. हिरव्या-निळ्याचं भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू होतं.

ओढणीची गाठ सुटत नाही. कनीजबाई दोन्ही हात डोक्यामागे नेऊन गाठीशी झटते, आणि चुलीच्या दिशेने ओरडून सांगते, साखर कमी टाका, चहा आहे का पाक. चुलीकडून उत्तर येतं. पुन्हा ती काहीतरी बोलते. शेवटी गाठीचा नाद सोडून ओढणीच वर ओढून डोक्यावरून काढते.

उजेड.

समोर सत्यशीला उकिडवी बसली होती. तिच्या हातात मोरपीस होतं, आणि मोरपीस कनीजबाईच्या गुडघ्यावर होतं.


नवरी

"कधीची बसली तू?" कनीजबाईने विचारलं.

"तुमी साखरेचं बोलून राह्यल्या, तवापासून." सत्यशीलाने मोरपीस पुन्हा एकदा फिरवलं, वाटीखालून आतल्या अंगाला. आता कनीजबाईला दिसत होतं. दिसत होतं, एवढंच. "काई नाई?"

कनीजबाईने तिच्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात उघडे होते. सत्यशीलाही आपल्या हातांकडे पाहत होती.

"माहे हात वाजत नाईत ना," ती हळूच म्हणाली.

चुलीपाशी शकुबाई कोणालातरी हिरव्या रंगाचं महत्त्व समजावत होती. कनीजबाईने साडी खाली ओढली.

"सांगशीन तू?"

"आत्याले? ते तं मले बी तुमच्याजवळ बसू देणार नाई."

"मंग?"

"मंग तुमी चंद्रपूरले या. लगन झाल्यावर मी तिथीच राहीन. दवाखान्यात मी शिकली, मले वळखतात." सत्यशीला नर्सिंगचं शिक्षण संपवून आली होती, नवरदेव चंद्रपूरच्या एका शाळेत मास्तर. "पाहून घेऊ का हाय ते."

"अन् निघाली तीच बिमारी तं?"

"तं गोळ्या खाजा. लपवून ठेवली तं बोटं वाकडी होतीन. वाकड्या बोटांनी मंग कोणाचे हात धरसान?"

कनीजबाईने आपली बोटं एकदा मिटली, एकदा उघडली.

"तुले भेव नाई वाटत?"

"मले भेव वाटते का नाई, ते राहू द्या. तुमी येता का नाई, ते सांगा."

"येईन."

"कनीजबाई, अल्लाची आन घ्या."

"अवो, येईन म्हटलं ना. तू नर्स हाय का फौजदार?"

सत्यशीला उठली, पाट ओढून घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "आत्या, मी बसली बरं. निळ्याच भरून राह्यली."

शकुबाई चहाची कपबशी घेऊन धावत आली तेव्हा कोपर गुडघ्यावर टेकलंही होतं, साडीच्या भोकाजवळ, ओल्या जागेवर. शकुबाईने ते पाहिलं. तिचं तोंड उघडलं. पण तिला एका वेळी एकाच गोष्टीवर भांडता येत असे, आणि आज तिला रंग जास्त लागला होता.

"आमच्या वक्ती नवरीले कोणी इचारत नोव्हतं," ती म्हणाली.

"मंग तुमी काऊन नाई सांगितलं, निळ्या पायजेत म्हणून?" सत्यशीलाने विचारलं.

शकुबाईने बराच विचार केला.

"मले पिवळ्या पायजे होत्या," ती म्हणाली, आणि चहा कनीजबाईच्या हातात दिला.


चंद्रपूर

कनीजबाई आली. पेटी घेऊन आली, कारण चंद्रपूरला जायचं आणि बाजारातून माल भरायचा नाही, हे तिच्याने होणारं नव्हतं. सकाळीच बाजार करून ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली. गफ्फारला तिने आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. तो बराच वेळ एका बर्नरशी खटपट करत राहिला आणि मग म्हणाला, "जा. कुछ भी निकला तो घर इधरच है."

डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्याने कापसाची वात करून गुडघ्याला लावली. "लागलं की सांगा, डोळे मिटा."

कनीजबाईला हसू आलं.

"काय झालं?"

"काई नाई. तुमच्या हातात बांगड्या नाईत."

सत्यशीलाने मान फिरवली. डॉक्टरला काही कळलं नाही. त्याने काम चालू ठेवलं. कोपरामागची शीर चाचपली, गुडघ्यामागची चाचपली, कानाची पाळी चिमटीत धरून किंचित खरवडून काचेवर घेतली. डोळे बघितले, बोटं ताणायला लावली, पावलं उचलायला लावली. मग बाहेर थांबायला सांगितलं.

दुपार कलली तेव्हा त्याने दोघींना आत बोलावलं.

"ती बिमारी नाही," तो म्हणाला.

कनीजबाई त्याच्याकडे बघत राहिली. सत्यशीलाने तेच तिला पुन्हा सांगितलं, तिच्या बोलीत. "नाई हाय वं, बाई. नाई हाय."

"मंग का हाय?"

"कातडीकडे जाणारी एखादी शीर दुखावली असेल. दबून, नाहीतर आणखी कशाने. तुम्ही बसता कशा?"

तिने बसून दाखवलं. तिथेच फरशीवर, डावा पाय खाली, उजवा उभा, आणि डॉक्टरचं कोपर ओढून गुडघ्यावर ठेवलं. डॉक्टर अर्धा वाकून, त्याच अवस्थेत, थोडा विचार करत राहिला.

"त्यामुळेही असेल," तो म्हणाला. "नसेलही. मला नक्की सांगता येत नाही. कमी होईल, किंवा अशीच राहील. गोळ्या देतो. चटक्याला मात्र जपा."

"याले नाव नाई का काई?"

"खात्रीने देता येईल असं नाही."

"बरंच हाय," कनीजबाई म्हणाली. "नाव असलं का लोकं त्याच नावानं हाक मारतात."

सत्यशीला गोळ्या आणायला गेली. कनीजबाई व्हरांड्यात बाकड्यावर बसली. गुडघ्यात आग सुरूच होती, पण आता ती कोणाच्या तरी घरच्या चुलीसारखी वाटत होती. असेल पेटलेली, आपलं काय जातं. तिने पेटी मांडीवर घेतली, झाकण उघडलं आणि सकाळी आणलेला माल उन्हात बघायला लागली. जांभळ्या, मोरपंखी, एक जोडी कांद्याच्या सालीच्या रंगाची.

"काचेच्याच हायत का समद्या?"

समोरच्या बाकड्यावर तिच्याच वयाची बाई बसली होती. दोन्ही हात पदरात.

"काच बी हाय, लाख बी हाय. कोणते पायजे?"

"नाई, असंच." बाईची नजर पेटीवरच होती. "आमच्या गावाले येते एक मनियारीण. आमच्या दारावरून जाते." मग तिने उजवा हात पदरातून थोडा बाहेर काढला. बोटं आत वळलेली होती, नखांपर्यंत. "याच्यावर चढन का?"

कनीजबाईच्या लक्षात आलं की पेटीचं झाकण बंद आहे, आणि आपणच ते दाबून धरलं आहे. कधी बंद केलं, ते तिला कळलं नव्हतं.

"राहू द्या," बाई म्हणाली. "मी आपलं पाहून राह्यली होती." हात परत पदरात गेला. तो इतक्या सवयीने गेला की पदर हललादेखील नाही.

व्हरांड्याच्या टोकाला माणसांची रांग होती. कोणीतरी खोकलं. कनीजबाईने पेटी खाली फरशीवर ठेवली, स्वतः पेटीशेजारी बसली, डावा पाय मुडपला, उजवा गुडघा उभा केला. गुडघ्याने आतून एक सणसणीत शिवी दिली.

"खाली या," ती म्हणाली. "बाकड्यावर बसून बांगड्या नाई भरता येत."

"मी?"

"तुमीच. इथी दुसरं कोण इचारून राह्यलं?"

बाई खाली बसायला वेळ लागला. हात बाहेर काढायला त्याहून जास्त.

"द्या. कोपर इथी टेकवा."

कोपर टेकलं की नाही, ते कनीजबाईला पाहूनच कळलं. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. थंड होता, कोरडा होता आणि फार हलका होता. अंगठ्याच्या मुळाशी मांस उरलं नव्हतं. एरवी गिऱ्हाइकाला ती सांगते, अंगठा आत घ्या, हात बारीक करा. इथे ते सगळं आधीच झालेलं होतं.

"तुमचा हात तं मुडपूनच आणला तुमी," ती म्हणाली. "माहं अर्धं काम वाचलं."

बाईने तिच्याकडे पाहिलं. हसावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. मग ती हसली. हसताना तोंडावर हात न्यायची तिची सवय असावी, पण तो हात आत्ता मोकळा नव्हता.

"काच लागली तं मले समजणार नाई," ती म्हणाली.

"मी पाहून राह्यली ना. कोणता रंग?"

बाईला रंग सांगता येईना. इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. ती पेटीकडे बघत राहिली आणि कनीजबाई थांबली. सत्यशीला गोळ्या घेऊन आली, दोघींना बघून खांबाशीच उभी राहिली. रांगेतली दोन-तीन माणसं वळून पाहायला लागली.

"ते," बाई शेवटी म्हणाली. "कांद्याच्या सालीचा."

कनीजबाईने बांगडी घेतली आणि नजर हातावरून न हलवता, बोटांच्या वळलेल्या सांध्यांवरून एकेक करून ती पुढे नेली. एका जागी थांबली, बांगडी किंचित फिरवली, कडेने घेतली. ओरखडा नाही. दुसरी. तिसरी. मधल्या काळात बाईने आपल्या गावाचं नाव सांगितलं, सुनेचं सांगितलं, मग सुनेबद्दल बरंच काही सांगितलं. कोपर होतं तिथेच राहिलं. कनीजबाई हं हं करत राहिली.

आतून शिपायाने एक नाव पुकारलं. ते या बाईचं होतं. "आली," म्हणत ती उठली, आणि उठताना तिचा पदर खांद्यावरून घसरला. तो तिने नव्या भरलेल्या हातानेच उचलला. सावकाश, रांगेतल्या सगळ्यांच्या समोर, डोक्यावर नीट घेतला आणि मग आत गेली.